कोण ढकलतंय? पहिल्या पावसातले प्रश्न

ह्या वेळी पत्रं भरपूर आलीत आणि त्यातली निम्मी तरी घसरण्याबद्दलच आहेत, साहजिक आहे, पाऊस सुरू झालाय. नवीन वाचकांसाठी एकदा सांगते आणि मग सरळ पत्रांकडे वळते. कुठलीही वस्तू हलायला लागली, थांबली किंवा वळली की आपण एकच प्रश्न विचारायचा, तिला ढकलतंय किंवा ओढतंय कोण? नुसतं "फोर्स लागला" म्हणून भागत नाही, लावणारं कोणीतरी लागतं, आणि पृथ्वीची ओढ, चुंबक आणि विजेची करामत सोडली तर त्या लावणाऱ्याने वस्तूला प्रत्यक्ष टेकलेलं असावं लागतं. म्हणजे शोधायचं कुठे ते ठरलं. वस्तूला काय काय टेकलंय ते बघायचं.

ताई, पहिल्याच पावसात वळणावर माझी स्कूटर घसरली. स्पीड तीसच्या आसपास असेल, फार नव्हता. टायर सहा महिन्यांपूर्वी नवीन टाकलेत. मेकॅनिक म्हणतो रुंद टायर टाका. नक्की कशामुळे झालं असेल? (एक वाचक, धनकवडी)

आधी सांगा लागलं तर नाही ना फार? गुडघा-कोपर खरचटलं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन टाका, रस्त्यावरची जखम आहे.

आता बघा, तुमच्या स्कूटरला काय टेकलेलं असतं? रस्ता, तोही फक्त दोन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी टायरचा जो भाग खरोखर टेकतो तो जेमतेम काही बोटं रुंद असतो. तुम्ही आणि स्कूटर मिळून पावणेदोनशे किलो वजन, आणि त्याला पळवायचं, थांबवायचं, वळवायचं ते सगळं ह्या दोन ठिपक्यांमधून. आपण म्हणतो ब्रेकने गाडी थांबली, पण ब्रेक फक्त चाकाला धरतो हो, गाडीला थांबवतो तो रस्ता. हँडल चाकाची दिशा बदलतं, पण गाडीला आतल्या बाजूला ढकलून वळवतो तोही रस्ताच. ह्या ढकलण्याचं नाव घर्षण.

ते किती मिळणार ह्याला मर्यादा आहे. कोरड्या चांगल्या डांबरावर वजनाच्या साधारण सत्तर टक्के इतका जोर मिळतो असं धरा. ओल्यात तो चाळीसवर येतो, आणि पहिल्या पावसात त्याच्याही खाली जाऊ शकतो, कारण उन्हाळाभर रस्त्यावर गाड्यांचं ऑइल, धूळ, झिजलेल्या टायरची भुकटी हे सगळं साचलेलं असतं आणि नुसती भुरभुर आली की त्याचं बुळबुळीत रबडं होतं. धो धो अर्धा तास पडला तर ते वाहून जातं आणि मग रस्ता उलट बरा होतो. म्हणून सगळ्यात वाईट वेळ म्हणजे पहिली दहा-पंधरा मिनिटं, नेमकी ज्या वेळी सगळे रेनकोट नाही म्हणून घाईघाईने गाडी मारत असतात.

तुमचा हिशोब करू. धरा वळण १५ मीटर त्रिज्येचं. ३० च्या स्पीडला त्या वळणावर टिकायला रस्त्याने तुम्हाला तुमच्या वजनाच्या जवळजवळ ४७ टक्के जोराने आत ढकलायला पाहिजे. कोरड्यात आरामात मिळतं. ओल्यात ४० च मिळणार असेल तर? गाडी वळणार नाही, सरळ जाणार, आणि तुम्ही झुकलेले असल्यामुळे चाकं खालून निघून जाणार. तोच स्पीड २० केला तर लागणारा जोर थेट २१ टक्क्यांवर येतो. स्पीडमध्ये तिसरा हिस्सा कपात केली आणि गरज निम्म्याहून खाली आली, कारण ती स्पीडच्या वर्गाप्रमाणे वाढते. मला हा आकडा प्रत्येक दुचाकीवाल्याने पाठ करावा असं फार वाटतं. तीस म्हणजे कमी स्पीड हे सरळ रस्त्यावर खरंय, वळणावर नाही.

आणि तुम्ही लिहिलं नाहीये पण मला दाट शंका आहे की वळताना तुम्ही ब्रेक दाबला असणार. ग्रिप म्हणजे महिन्याचा पगार समजा, ब्रेकवर खर्च केला की वळायला उरत नाही. वळणात तो आधीच सगळा खर्च होत असतो, त्यात पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक लॉक होतं आणि पुढचं चाक फिरायचं थांबलं की हँडलचा काही उपयोग उरत नाही, माणूस सेकंदात खाली. म्हणून ब्रेक मारायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ उभी असताना, दोन्ही ब्रेक मिळून, पुढचा हळूहळू वाढवत. पुढच्या ब्रेकला उगाच घाबरू नका मात्र, सरळ रस्त्यावर ब्रेक मारताना वजन पुढच्या चाकावर येतं म्हणून जास्त काम तोच करतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागायची सिस्टिम आणि त्यावरच्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम, सक्तीचं झालं ते ह्याचसाठी.

रुंद टायरचं म्हणाल तर पैसे घालवू नका. घर्षण हे वजनावर ठरतं, टेकलेली जागा किती त्यावर नाही, हे आमोंतों नावाच्या फ्रेंच माणसाने १६९९ मध्येच सांगून ठेवलंय. रबर हा नियम तंतोतंत पाळत नाही हे खरं, पण टायर दुप्पट रुंद केला म्हणून ग्रिप दुप्पट होत नाही. कंपनीने दिलेल्या साइजचा टायर ठेवा, हवा बरोबर ठेवा, आणि खाचा झिजल्या की बदला कारण त्या खाचांचं काम पाणी बाजूला सारायचं आहे, टायर आणि डांबर ह्यांच्यात पाणी राहिलं तर रस्ता टेकलेलाच नाही मग ढकलणार कोण. झेब्रा क्रॉसिंगचे जाड पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, कामाच्या ठिकाणी टाकलेल्या लोखंडी प्लेटा आणि जूनमध्ये गुलमोहराखाली पडलेला सडा, ह्यांच्यावर ना ब्रेक ना वळण, गाडी सरळ ठेवून जाऊ द्यायची.

एक शेवटचं, थांबायला लागणारं अंतर. ४० च्या स्पीडला कोरड्यात ९ मीटर, ओल्यात १६. ६० ला कोरड्यात २० आणि ओल्यात ३५. आणि हे ब्रेक लागल्यानंतरचं, त्याआधी समोरचं दिसून हात हलेपर्यंत साधारण एक सेकंद जातो त्यात ६० ला १७ मीटर गेलेलेच असतात. आता सिंहगड रोडवर पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटला चिकटून लोक चालवतात ते आठवा.

ताई, मी आठवीत आहे. स्वारगेटला बस जोरात वळली की मी बाहेरच्या बाजूला फेकला जातो. सर म्हणाले असा फोर्स नसतोच. मग मला कोण ढकलतं? (सहकारनगर)

किती छान प्रश्न विचारलास, आणि सर बरोबर बोलतायत. आपला नेहमीचा शोध लाव, वळायला लागल्यावर तुला टेकलंय काय? पायाखाली बसचा पत्रा, हातात वरचा दांडा, बास. बाहेरच्या बाजूला ओढणारं तिथे कोणीच नाही. तू सरळ चालला होतास आणि तुला सरळच जायचंय, शरीराचा तो स्वभावच आहे, न्यूटनने १६८७ साली पहिला नियम म्हणून लिहिला तो हाच. बस वळली, तू नाही वळलास. बसची बाजू तुझ्याकडे आली आणि तुला वाटलं आपण तिच्याकडे फेकले गेलो. नंतर तू वळतोस ते दांडा किंवा खिडकीची बाजू तुला आत ढकलते म्हणून, त्या आतल्या जोराला पुस्तकात अभिकेंद्री बल म्हणतात. बाहेरचं अपकेंद्री बल हे बसमध्येच बसून हिशोब करायचा असेल तर सोयीसाठी धरतात, फुटपाथवर उभ्या माणसाला ते कुठेच दिसत नाही.

पण हे माझ्या शब्दावर नको मानूस, करून बघ. पाण्याची बाटली जवळजवळ पूर्ण भर, फक्त एक मोठा बुडबुडा राहील एवढी जागा ठेव, झाकण घट्ट लाव आणि बसमध्ये सीटवर बसून मांडीवर आडवी धर, तोंड बस जाते त्या दिशेला. ड्रायव्हरने ब्रेक मारला की तू पुढे जातोस ना, बुडबुडा मागे जाईल. बस सुटली की तू मागे, बुडबुडा पुढे. आता बाटली डावी-उजवी आडवी धर आणि वळण येऊ दे, तू बाहेर कलशील आणि बुडबुडा आतल्या बाजूला पळेल! होतं असं की पाणी जड, ते सरळ जात राहतं आणि बाहेरच्या बाजूला जमा होतं, हलक्या हवेला ते आत सारतं. बुडबुड्याला ढकलणारं पाणी, पाण्याला ढकलणारी बाटली, बाटलीला ढकलणारा तुझा हात. प्रत्येकाला टेकलेला कोणीतरी सापडला बघ. सरांना वर्गात दाखव, फक्त बसमध्ये उभं राहून करू नकोस, एक हात दांड्याला पाहिजेच.

आमचा मुलगा रोज नवले पुलाच्या उतारावरून कॉलेजला जातो. तिथे ट्रकचे ब्रेक फेल होऊन अपघात होतात ते वाचून जीव थाऱ्यावर राहत नाही. एवढ्या मोठ्या गाडीचे ब्रेक असे कसे फेल होतात? आणि तिथेच का? (एक आई, आंबेगाव बुद्रुक)

तुमची काळजी अगदी रास्त आहे. ह्याचं उत्तर मी जरा सविस्तर देते कारण "ब्रेक फेल" हा शब्द ऐकून वाटतं काहीतरी अचानक तुटलं, आणि बहुतेक वेळा तसं नसतं.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून साताऱ्याकडून येणारी गाडी बाहेर पडली की नवले पुलापर्यंत उतारच उतार आहे. उतारावर गाडीला पुढे ढकलतं कोण? पृथ्वी. ३० टनांचा ट्रक आणि उतार समजा ३ टक्के, म्हणजे १०० मीटर चाललं की ३ मीटर खाली, बघायला काहीच वाटत नाही. पण त्या ट्रकला सतत ९०० किलोचा धक्का पुढे बसत असतो, क्षणभरही न थांबता. टायरचा विरोध वजा केला तरी पावणेसातशे किलो उरतो. न्यूट्रलमध्ये सोडून दिला तर उभ्या ट्रकचा दोन किलोमीटरमध्ये, हवेचा विरोध धरला नाही तर, शंभरच्या आसपास स्पीड होतो. कोणी ॲक्सिलरेटरला पाय न लावता.

हा स्पीड अडवायचा म्हणजे ती सगळी ऊर्जा कुठेतरी जिरवायला पाहिजे, आणि ब्रेकला एकच काम येतं, घासून तिची उष्णता करायची. ३० टनांचा ट्रक १०० मीटर उंची उतरला की जेवढी ऊर्जा निघते तेवढ्यात नव्वदेक लिटर पाणी उकळीला येईल. ती सगळी चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या ड्रममध्ये आणि त्याला आतून घासणाऱ्या लायनरमध्ये. लायनर तापला की त्याचं घर्षणच कमी होतं, ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, ड्रायव्हर पूर्ण जोर लावून पॅडल दाबतोय आणि गाडी थांबत नाही. काही तुटलेलं नाही, गार झाल्यावर तेच ब्रेक परत चालतील. म्हणूनच अपघात उताराच्या सुरुवातीला होत नाहीत, खाली पुलाशी होतात, ब्रेक तापायला मधला सगळा रस्ता मिळालेला असतो.

ह्यावर उपाय ड्रायव्हर लोकांच्या तोंडी कधीपासूनचा आहे, ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. खालच्या गिअरमध्ये चाकं इंजिनला फिरवत बसतात आणि इंजिनचा विरोध सगळं काम करतो, ब्रेकला नुसता अधूनमधून हात. पण डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली जाते, कधी तर इंजिनच बंद केलं जातं, म्हणजे इंजिनचा विरोध गेला, स्टिअरिंग जड झालं आणि ब्रेकला लागणारी दाबलेली हवा परत भरणारा कॉम्प्रेसरही बंद. चार पैशांच्या डिझेलसाठी हे चाललंय ह्याचा मला मनापासून संताप येतो, कारण त्याची किंमत पुढे सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये उभा असलेला माणूस मोजतो.

मुलाला एवढं सांगा, त्या उतारावर शक्यतो सर्व्हिस रोडने जा. हायवेवर असशीलच तर जड गाडीच्या पुढे राहू नको, मागे राहा किंवा बाजूची लेन घे, आरशात बघत राहा. जळकट वास आला किंवा ट्रकच्या चाकातून धूर दिसला तर तो ट्रक आता थांबू शकत नाही असं समजून रस्त्याच्या कडेला हो. आणि पुढे ट्रॅफिक तुंबलेलं दिसलं तर रांगेच्या एकदम शेवटी ट्रकांच्या मध्ये उभं राहायचं नाही.

कुकरबद्दल दोन शंका आहेत. एवढीशी शिट्टी एवढ्या वाफेला कशी अडवते? आणि कधीकधी कुकर गार होऊनही झाकण निघत नाही ते का? आमच्या शेजारीण शिट्टीवर बत्ता ठेवतात, म्हणजे डाळ लवकर शिजते म्हणे. (एक आजी, सदाशिव पेठ)

आजी, आधी त्यांच्याकडे जाऊन तो बत्ता काढायला सांगा, बाकीचं नंतर वाचा.

शिट्टी अडवते ती फक्त भोकातली वाफ. घरगुती कुकरमध्ये बाहेरच्यापेक्षा साधारण एका चौरस सेंटिमीटरला एक किलो इतका जास्त दाब तयार होतो. शिट्टीखालचं भोक समजा ३ मिलिमीटरचं, त्याचं क्षेत्रफळ एवढंसं की त्यातून वर येणारा जोर फक्त ७० ग्रॅमचा. तेवढं वजन वर बसवलं की काम झालं, दाब त्याच्यावर गेला की शिट्टी उचलली जाते, वाफ सुटते, परत बसते. पण तोच दाब झाकणालाही वर ढकलत असतो आणि झाकण असतं २० सेंटिमीटर व्यासाचं, त्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे झाकणाला खालून ३१४ किलोचा जोर! तुमच्या ओट्यावर रोज सकाळी. ते झाकण कडांनी घट्ट धरलेलं असतं म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही.

आता बत्ता. भोकावरचं वजन नुसतं दुप्पट केलं की आतला दाब दुप्पट होईपर्यंत वाफ सुटणार नाही आणि झाकणावरचा जोर सव्वासहाशे किलोच्या घरात. बत्ता तर ७० ग्रॅमच्या कितीतरी पट जड. मग सेफ्टी व्हॉल्व्हवर सगळा भरवसा, त्यातला धातू ठरावीक तापमानाला वितळून वाफेला वाट करून देतो, पण तो जुना झालेला असेल, किंवा अन्न अडकलेलं असेल तर? डाळीला घाई असेल तर अर्धा तास आधी भिजत घालावी, त्याने जास्त फरक पडतो.

कुकरमध्ये लवकर का शिजतं तेही सांगते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे म्हणून आपल्याकडे उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशालाच उकळतं, सिंहगडावर तर ९५-९६ ला. डोक्यावर हवा कमी, ती पाण्याला कमी दाबते. कुकरात दाब वाढला की पाणी १२० अंशाच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. ह्यामुळेच घाईने झाकण उघडणं धोक्याचं आहे, दाबाचा दहावा हिस्सा जरी राहिला असेल तरी झाकणाला तीस किलोचा धक्का आणि आतलं शंभराच्या वर तापलेलं वरण एकदम उसळी मारतं. शिट्टी चमच्याने हलकीच उचलायची, सूं आवाज आला तर हात मागे.

आणि गार झाल्यावर न निघणारं झाकण, ही गंमत मला फार आवडते. गार होताना आतल्या वाफेचं पाणी होतं आणि आत जवळजवळ काही उरत नाही, शिट्टी भोकावर बसलेली असल्यामुळे बाहेरची हवा आत येऊ शकत नाही. आता झाकण धरून ठेवलंय कोणी? आतून कोणी ओढत नाहीये, बाहेरची हवा वरून दाबतेय. शिट्टी उचला, हवा आत जाईल, झाकण सहज निघेल. सुरी घालून उचकटायला जाऊ नका, रिंग खराब होते.

मंडईत हातगाडी कोणी ओढतं, कोणी ढकलतं. सोपं काय? (एक वाचक, शुक्रवार पेठ)

ओढणं. मागून दांडा खाली झुकून ढकलला की तुमच्या जोराचा काही भाग गाडीला खाली दाबण्यात जातो, म्हणजे वजनच वाढवल्यासारखं. पुढून थोडं वर धरून ओढली तर तोच भाग गाडीला उचलतो. घर शिफ्ट करताना फ्रीज सरकवतानाही हेच, आणि ढकलायचाच असेल तर खालच्या बाजूला हात लावा, वर लावलात तर सरकायच्या आधी कलंडेल. पण उतारावर ओझ्याच्या पुढे राहू नका.

खडकवासल्याचा तलाव मागे केवढा लांबपर्यंत पसरलाय. त्या सगळ्या पाण्याचा जोर भिंतीवर येतो का? (एक वाचक, धायरी)

नाही येत! तलाव मागे २ किलोमीटर असो की २०, भिंतीला टेकलंय ते तिच्या लगतचं पाणी, आणि ते किती जोराने ढकलणार हे फक्त त्या ठिकाणी पाणी किती खोल आहे त्यावर ठरतं. १० मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरला १० टन. वरती पृष्ठभागाजवळ जवळजवळ शून्य. म्हणून धरणाची भिंत वर बारीक आणि तळाशी जाड असते, आणि दगडी धरण पाण्याला थोपवतं ते मुख्यतः स्वतःच्या वजनाने.

पण खोलीचा हिशोब फसवा आहे. भिंतीचा एक मीटर लांबीचा तुकडा घ्या, त्याच्यामागे १० मीटर पाणी असेल तर एकूण जोर ५० टन, २० मीटर असेल तर २०० टन, ३० ला ४५० टन. पाणी दुप्पट चढलं की जोर चौपट. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं मातीचं धरण, ज्याचं काम अजून पुरतं झालेलं नव्हतं, ते फुटलं आणि ते सगळं पाणी खाली खडकवासल्यात आलं, तेव्हा तिथली जुनी दगडी भिंतही फुटली आणि पूर पुण्यात शिरला. पाणी ठरल्यापेक्षा वर चढू न देणं हे धरणाच्या बाबतीत का महत्त्वाचं असतं आणि पावसाळ्यात दरवाजे उघडून मुठेत पाणी का सोडतात, ते ह्या चौपटीवरून समजेल. खडकवासल्यालाच केंद्राची जल संशोधन संस्था आहे, तिची सुरुवात १९१६ सालची, तिथे नद्या आणि धरणांची छोटी मॉडेल बनवून पाण्याचं असंच वागणं तपासतात.

वळवाच्या पावसात आमच्या सोसायटीच्या टेरेसवरची हजार लिटरची प्लास्टिकची टाकी उडून खाली पार्किंगमध्ये पडली. नशीब कोणी नव्हतं. त्या दिवशी धुवायला रिकामी केली होती. एवढी मोठी टाकी वाऱ्याने उडते? (सोसायटीचे सेक्रेटरी, हडपसर)

उडते, आणि रिकामी होती ह्यातच उत्तर आलं. टाकीला जागेवर धरतं कोण? स्लॅब, घर्षणाने, आणि घर्षण वजनावर अवलंबून. रिकामी टाकी २५-३० किलोची, म्हणजे स्लॅब तिला फार तर १३-१५ किलोच्या जोरापर्यंत धरून ठेवणार. ताशी ६० किलोमीटरचा वारा त्या टाकीवर साधारण तेवढाच जोर लावतो. वळवाच्या झोताला ८० चा वारा सहज येतो, जोर पुन्हा वर्गाने वाढतो, तो गेला पंचवीस-तीस किलोवर. टाकी सरकली, कठड्याला अडली, आडवी झाली, आणि आडवी गोल टाकी म्हणजे मग चाकच. एक तृतीयांश पाणी जरी असतं ना, तरी ३५० किलो वजन झालं असतं आणि हललीही नसती. पाइप टाकीला धरून ठेवतात असं समजू नका, ते तुटतात.

पत्र्याच्या शेडचंही बघून घ्या. वारा पत्र्यावरून जोरात गेला की वरचा दाब कमी होतो, शेड एका बाजूने उघडी असेल तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो, आणि तीन मीटर बाय एक मीटरचा पत्रा ८० च्या वाऱ्यात ऐंशी-नव्वद किलोच्या जोराने वर उचलला जाऊ शकतो. पत्र्याचं स्वतःचं वजन ह्याच्यापुढे काहीच नाही, वर चार विटा ठेवल्याने काही होत नाही, उलट त्या विटाच खाली येतात. एप्रिल २०२३ मध्ये रावेत-किवळे भागात वादळी वाऱ्यात होर्डिंग कोसळून ५ माणसं गेली, ती आडोशाला म्हणून थांबली होती. तेव्हा वारा सुटल्यावर होर्डिंगखाली किंवा पत्र्याच्या शेडजवळ थांबू नका हे सोसायटीच्या ग्रुपवर टाकाच.

टाकी सकाळी धुवायची आणि दुपारच्या आत निम्मी तरी भरून घ्यायची, वळीव बहुतेक दुपारनंतरच येतो. प्रत्येक टाकीला दोन बाजूंनी पट्टा किंवा स्टीलची दोरी घेऊन स्लॅबमध्ये हुक ठोकून बांधून घ्या, कठड्याला नको, स्लॅबलाच. फॅब्रिकेटरला बोलवाल तेव्हा पत्र्याचे बोल्टही एकदा वर चढून स्वतः हलवून बघा, गंजलेले असले तर ह्याच आठवड्यात बदला.